दयेकडून न्यायाकडे



‘ख्रिस्ती श्रद्धा आणि आर्थिक न्याय’ हा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात दोन शंका आल्या असतील. पहिली अशी की, धर्माचा संबंध परलोकाशी. मजुरी, बाजारभाव, व्याजाचा दर ह्या रोजच्या व्यवहारात त्याने कशाला पडावे? दुसरी अशी की, ख्रिस्ती धर्म म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळे, शाळा, अनाथाश्रम उभे राहतात. ही सारी दयेची कामे. दया आणि न्याय ह्या एक गोष्ट नव्हेत. ज्याला दया मिळते त्याने हात जोडायचे असतात. ज्याला न्याय मिळतो त्याला हात जोडावे लागत नाहीत. मग दयेच्या धर्माने न्यायाची भाषा कशाला बोलावी?

दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरी तर फारच मार्मिक आहे, आणि आज मला जे सांगायचे आहे ते तिच्याभोवतीच फिरणार आहे. विषय अफाट आहे. पोप तेरावा लिओ याने 1891 साली कामगारांच्या न्याय्य मजुरीविषयी काढलेल्या प्रसिद्ध पत्रकापासून दक्षिण अमेरिकेतील मुक्तीच्या धर्मविचारापर्यंत त्याचा पसारा आहे. पण तासाभरात सगळीकडे फिरून यायचे म्हणजे कोठेच न थांबण्यासारखे होईल. म्हणून मी एकाच माणसाची हकीकत सांगणार आहे. तो राजा नव्हता, संत नव्हता, मोठा पंडितही नव्हता. जर्मनीतल्या एका डोंगराळ, दरिद्री मुलखात तो गावांचा कारभार पाहणारा साधा अधिकारी होता. त्याचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. पण त्याच्या कामाशी आपला रोजचा परिचय आहे. आपल्या गावात जी ‘सोसायटी’ असते, जिच्या दारात खरीपाच्या आधी शेतकरी पीककर्जासाठी उभा असतो, तिच्या वंशावळीत मागे मागे गेले तर हा गृहस्थ भेटतो.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी त्याच्या हाती कोणता ग्रंथ होता, हे थोडक्यात पाहू.

बायबलच्या जुन्या करारात जमिनीविषयी आणि कर्जाविषयी फार स्पष्ट नियम आहेत. गरीब भावाकडून व्याज घेऊ नये. शेत कापताना बांधाकडेचे पीक गोरगरिबांसाठी आणि परक्यांसाठी उभे ठेवावे. आणि सर्वांत मोठा नियम योबेल वर्षाचा. दर पन्नासाव्या वर्षी, अडचणीपायी विकलेली वतनी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि कर्जापायी गुलाम झालेला माणूस मोकळा व्हावा. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यामागचा विचार पाहा. जमीन ईश्वराची, माणूस तिच्यावरचा पाहुणा. म्हणून एकाचे दैन्य पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या घरची मिळकत होऊन राहता कामा नये. आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा तर खोटी मापे वापरणाऱ्या आणि गरिबाला कवडीमोलाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना भर उत्सवात खडसावतो, आणि तुमची स्तोत्रे देवाला नकोत असे सांगतो. तेव्हा धर्माने बाजारात का पडावे, ही शंका निदान ह्या ग्रंथाला तरी कधी पडलेली नाही.

नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायनिवाड्याचे चित्र आहे. तेथे न्यायासनावरचा राजा कोणालाही प्रार्थनेविषयी, उपासाविषयी विचारीत नाही. भुकेल्याला अन्न दिलेत का, उघड्याला वस्त्र दिलेत का, आजाऱ्याची, तुरुंगातल्याची विचारपूस केलीत का, एवढेच तो विचारतो. आणि ह्या सर्वांत लहान भावंडांसाठी जे केले ते माझ्यासाठीच केले, असे सांगतो. हाच उतारा रायफायझेनला सर्वांत प्रिय होता आणि त्याचा उल्लेख तो पुनःपुन्हा करीत असे. ह्या उताऱ्याने जगात किती अन्नछत्रे आणि किती दवाखाने उभे केले याची गणती करता येणार नाही. पण त्यात एक प्रश्न मोकळा राहतो. भुकेल्याला आज जेवू घातले; तो उद्या पुन्हा भुकेला का राहतो? रायफायझेनचे सारे आयुष्य ह्या एका प्रश्नात गेले.

त्याचा जन्म 30 मार्च 1818 रोजी झीग नदीकाठच्या हाम गावी झाला. भावंडे नऊ, आणि वडिलांच्या मागे ओढग्रस्तीचे घर. सतराव्या वर्षी तो लष्कराच्या तोफखान्यात दाखल झाला. पण डोळ्यांचा विकार जडला आणि 1843 साली ती नोकरी सोडावी लागली. मग मुलकी खात्यात शिरून 1845 साली तो वेस्टरवाल्ड ह्या डोंगराळ प्रदेशातील वायरबुश भागाचा प्रमुख झाला. वीसबावीस खेड्यांचा एक गट आणि त्यावरचा हा अधिकारी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पाटील आणि मामलेदार यांच्या मधले हे पद होते.

तो मुलूख कसा होता? जमीन हलकी, थंडी कडक, शेते वाटण्या होऊन तुकड्यांची झालेली. शेतकरी वेठबिगारीतून नुकताच मोकळा झालेला. पण त्या मोकळिकीची किंमत त्याला रोखीने फेडायची होती, आणि रोख रक्कम तर त्याच्याजवळ कधीच नव्हती. अशात 1845 नंतर बटाट्यावर रोग पडला, आणि 1846 साली धान्यही बुडाले. त्या हिवाळ्यात उपासमार सुरू झाली.

सरकारने पीठ पाठविले. पण त्याबरोबर हुकूमही पाठविला की ते रोख पैसे घेऊनच द्यावे. ज्याच्याजवळ रोख पैसे असते तो उपाशी कशाला राहिला असता? रायफायझेनने तो हुकूम बाजूला ठेवला. गावातल्या बऱ्या परिस्थितीच्या लोकांना त्याने एकत्र केले, त्यांच्याकडून पैसा उभा केला, गोरगरिबांना उधारीवर पीठ आणि भाकरी दिली. गावाची सामाईक भट्टी बांधून घेतली. तिच्यातली भाकरी बाजारभावाहून पुष्कळ स्वस्त पडू लागली. हे त्याचे पहिले काम. त्याला त्याने भाकरी-मंडळ म्हटले.

1848 साली तो फ्लामर्सफेल्डला बदलून गेला. तेथे त्याला दुष्काळाहून सावकाश मारणारा शत्रू दिसला. तो म्हणजे कर्ज. गाईचेच घ्या. शेतकऱ्याला खतासाठी, दुधासाठी, नांगरासाठी जनावर हवे. व्यापारी ते उधारीवर देई. पण गाय फिटेपर्यंत मालकी व्यापाऱ्याची. शेतकऱ्याने तिला वर्षभर चारा घालायचा आणि एक हप्ता चुकला की गाय गोठ्यातून निघून जायची. चाराही गेला, दिलेले हप्तेही गेले, आणि पुढच्या गाईसाठी पुन्हा त्याच दाराशी उभे राहायचे. अशा रीतीने गायीमागून घर आणि घरामागून शेत जाई. आपल्याकडे खतावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याची जी कहाणी, तीच तेथेही होती. फक्त मुलूख थंड.

1849 साली रायफायझेनने साठ सधन माणसांचे एक साहाय्यक मंडळ स्थापले. त्या साठ जणांनी मिळून आपली सारी मालमत्ता जामीन ठेवली. त्या जामिनावर पैसा उभारला, गाई विकत घेतल्या, गरजू शेतकऱ्यांना दिल्या आणि पाच वर्षांत सोईच्या हप्त्यांनी रक्कम फेडून घेतली. पुढे 1852 साली तो नॉयवीडजवळच्या हेडेसडोर्फला गेला. तेथे 1854 साली त्याने आणखी मोठे धर्मादाय मंडळ काढले. निराधार मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, शेतकऱ्यांना जनावरे आणि कर्ज, असा त्याचा व्याप होता. मत्तयाचा तो अध्याय समोर ठेवूनच जणू ही यादी केली असावी.

श्रोतेहो, येथपर्यंतची हकीकत ही एका दयाळू माणसाची हकीकत आहे. अशी माणसे सर्व धर्मांत होऊन गेली. येथून पुढे जे घडले त्यासाठी मी आजचा विषय घेतला.

हेडेसडोर्फचे मंडळ हळूहळू थकत चालले. मुलांचे आणि कैद्यांचे काम मागे पडले. शेवटी कर्जाचा व्यवहार तेवढा उरला. आणि त्यातही पैसेवाल्यांचा उत्साह ओसरू लागला. यात त्यांचा फार दोष होता असे नाही. दुसऱ्याच्या कर्जाला वर्षानुवर्षे जामीन राहणे, आणि त्यातून स्वतःला काहीच मिळणार नसणे, हे किती दिवस चालावे? दुष्काळात माणसाचे काळीज हलते. पण दुष्काळ सरल्यावर ते पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. दयेवर चालणाऱ्या कामाचे हे जन्मजात दुखणे आहे. देणाऱ्याचे मन आहे तोपर्यंत ते चालते. शिवाय घेणाऱ्याच्या बाजूनेही एक दुखणे आहेच. त्याला मंडळात जागा नाही, मत नाही, हिशेब विचारण्याचा अधिकार नाही. तो फक्त उपकृत आहे.

त्या वेळी जर्मनीत हेर्मान शुल्त्से-डेलिच हा उदारमतवादी पुढारी शहरांतील कारागिरांसाठी स्वावलंबनाच्या तत्त्वावर पतपेढ्या काढीत होता. त्याचे म्हणणे असे की, ज्याला कर्ज हवे त्यानेच संस्थेचा सभासद झाले पाहिजे. दुसऱ्याच्या धर्मबुद्धीवर विसंबून कोणाचा उद्धार होत नाही. रायफायझेनने त्याच्याशी पत्रव्यवहार केला. त्याला हे पटायला जड गेले. श्रीमंताने गरिबासाठी काही करावे हा त्याच्या दृष्टीने ख्रिस्ताचा आदेश होता. तो बाजूला कसा ठेवायचा? पण अनुभवापुढे त्याने मान तुकवली आणि 1864 साली धर्मादाय मंडळाचे रूपांतर कर्ज-पतपेढीत झाले. आता कर्ज घेणारा हाच मालक. त्याला मत आहे, हिशेब विचारायचा अधिकार आहे, आणि शेजाऱ्याच्या कर्जाची जबाबदारीही आहे.

हा बदल कागदावर लहान दिसतो. पण दयेकडून न्यायाकडे जाणारा रस्ता नेमका येथे वळला.

आता ही पतपेढी चालत कशी असे, ते जरा नीट पाहू. कारण श्रद्धा शेवटी नियमांतून आणि हिशेबाच्या वहीतून दिसावी लागते. पहिला नियम, पतपेढीचे क्षेत्र लहान. एक गाव, फार तर एका चर्चच्या परिसरातील वस्ती. कारण सभासदांनी एकमेकांना ओळखले पाहिजे. कोण कष्टाळू आहे, कोण दारूपायी घर घालवतो, हे मोठ्या शहरातल्या पेढीला कळत नाही, शेजाऱ्याला कळते. दुसरा नियम, अमर्यादित जबाबदारी. पतपेढी बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी बांधलेला. ऐकताना ही अट भयंकर वाटते. पण गरिबाजवळ तारण नव्हते, तेथे साऱ्या गावाची एकजूट हेच तारण झाले. आणि ज्या पेढ्या एकेकट्या कुणब्याला दारात उभे करीत नव्हत्या त्या गावाला पैसा देऊ लागल्या. तिसरा नियम, कर्ज उत्पादक कामासाठी, आणि परतफेडीची मुदत शेतीच्या चालीने. चौथा, संचालकांनी काम फुकट करायचे; पगार असलाच तर हिशेबनिसाला. पाचवा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नफा वाटून घ्यायचा नाही. तो अविभाज्य निधीत जमा व्हायचा. त्यावर आजच्या सभासदांचा हक्क नाही, उद्याच्यांचाही नाही, तो गावाचा. योबेल वर्षाचा नियम ज्याने वाचला आहे त्याला ह्या निधीचे मूळ सांगावे लागणार नाही.

डोळे अधिकाधिक अधू होत गेल्यामुळे 1865 साली त्याला मुलकी नोकरी सोडावी लागली. पत्नी त्याआधीच वारली होती. थोरली मुलगी अमालिए हीच त्याचे डोळे आणि त्याची लेखणी झाली. तिच्याकडून लिहवून घेऊन त्याने 1866 साली पतपेढ्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या पुस्तकामुळे ही कल्पना जर्मनीभर गेली. निवृत्तिवेतन तुटपुंजे. त्याने सिगारचा कारखाना काढून पाहिला, मग द्राक्षमद्याचा व्यापार केला आणि त्यावर चरितार्थ चालविला. पतपेढ्यांकडून त्याने पैसा कमावला नाही. 11 मार्च 1888 रोजी तो वारला तेव्हा त्याच्या पद्धतीच्या चारशेहून अधिक पतपेढ्या उभ्या होत्या.

पण हयातीतच त्याला दोन मोठे वाद झेलावे लागले, आणि आपल्या विषयाचा गाभा त्या वादांत आहे.

पहिला वाद शुल्त्से-डेलिचशी. शुल्त्से म्हणे, स्वार्थ हीच खरी शक्ती. लोकांना भागभांडवल घेऊ द्या, लाभांश वाटा, पगारी माणसे नेमा. रायफायझेन म्हणे, गरिबाला प्रवेशासाठी पैसे मागायचे म्हणजे ज्याच्यासाठी दार बांधले त्यालाच बाहेर ठेवायचे. दुसरा वाद त्याच्याच चळवळीतल्या विल्हेल्म हासशी. हास म्हणे, पतपेढी ही आर्थिक संस्था आहे. तिला धर्माचा पाया कशाला? नीट हिशेब, चांगले लेखापरीक्षण, एवढे पुरे. ह्या मतभेदातून हासने वेगळी चूल मांडली, आणि संख्येने त्याच्या संस्था पुढे मोठ्या झाल्या. रायफायझेन मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिला की शेजाऱ्यावरील प्रेम हा पाया काढून घेतला तर उरलेली इमारत साध्या पेढीची होईल.

कोणाचे खरे? मला वाटते, दोघांचेही अर्धे. हिशेब चोख नसेल तर प्रेमाच्या पतपेढ्याही बुडतात. पण हिशेब चोख असूनही ज्या संस्था कोणासाठी काढल्या हेच विसरून जातात, अशा संस्था आपण पाहिल्या आहेत. भुकेला माणूस डोळ्यांपुढे नसेल तर कोणतेही लेखापरीक्षण ती उणीव दाखवून देत नाही.

आता ह्या चरित्रातली एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान म्हणजे आरती होईल. त्या मुलखात जनावरांचा आणि पैशाचा व्यापार बराचसा ज्यू लोकांच्या हाती होता. शतकानुशतके त्यांना जमीन घेऊ दिली नव्हती, बहुतेक धंद्यांत शिरू दिले नव्हते. म्हणून ते त्या धंद्यात होते. पण रायफायझेनच्या काही लिखाणात सावकारीवरचा राग ज्यू जमातीवर घसरलेला आहे. सर्वांत लहान भावंडांत ख्रिस्त पाहणाऱ्या ह्या माणसाला तो शेजाऱ्याच्या घरात दिसला नाही. पुढे 1933 नंतर नाझी राजवटीने ह्या साऱ्या ग्रामीण सहकारी संस्था आपल्या दावणीला बांधल्या, आणि जमातीवर घसरलेल्या त्या रागाचा शेवट कोठे झाला हे जगाने पाहिले. अन्याय एका व्यवस्थेत असतो. तो एका जातीच्या कपाळावर लिहून टाकला की व्यवस्था सुटते आणि माणसे मारली जातात. ही चूक एका ख्रिस्ती माणसाने केली म्हणून ती आपल्याला परकी नाही. ती कोणाच्याही हातून होते.

इतिहासाचा न्याय मात्र विलक्षण आहे. रायफायझेनची पद्धत इटलीत प्रथम नेली ती लेओने वोलेम्बोर्ग याने. 1883 साली लोरेज्जा ह्या खेड्यात त्याने पहिली ग्रामीण पतपेढी काढली. हा वोलेम्बोर्ग ज्यू होता. त्याच्यामागून कॅथलिक धर्मगुरू गावोगाव तशाच पतपेढ्या काढू लागले. म्हणजे एका प्रॉटेस्टंटाची कल्पना एका ज्यूने उचलली आणि कॅथलिकांनी वाढवली. संस्थापकाच्या मनाला जी भिंत होती, ती त्याच्या कल्पनेला नव्हती.

आणि ती कल्पना आपल्या दारीही आली. त्यासाठी 1875 सालाकडे, आपल्या पुणे जिल्ह्यातील सुपे गावाकडे जावे लागते. त्या वर्षीच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि खते, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावरच लोकांचा रोख होता; कारण कागदाने आपल्याला बांधले आहे हे त्यांना ठाऊक होते. येथेही सावकारांपैकी पुष्कळजण बाहेरून आलेल्या जमातींचे, आणि येथेही राग व्यवस्थेवरून जमातीवर घसरण्याचा धोका होताच. सरकारने आयोग नेमला, 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण जाळलेल्या वहीच्या जागी नवी वही येते. पेरणीला पैसा हवाच असतो. तो कोण देणार, ह्या प्रश्नाला कायद्याकडे उत्तर नव्हते. 1882 च्या सुमारास सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली. ती विलायत सरकारने फेटाळली.

पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन ह्या अधिकाऱ्याला युरोपातील ग्रामीण पतव्यवस्थेचा अभ्यास करावयास सांगितले. 1895 आणि 1897 साली त्याचे भले मोठे अहवाल प्रसिद्ध झाले. त्या शेकडो पृष्ठांचा मथितार्थ एवढाच की, एखादा रायफायझेन हुडकून काढा. मग 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि त्यात खेड्यातल्या संस्थांसाठी लहान क्षेत्र, अमर्यादित जबाबदारी आणि राखीव निधी ही रायफायझेनची तत्त्वे जवळजवळ तशीच उतरली. 1918 साली वसईच्या मराठीभाषक कॅथलिक समाजात एका धर्मगुरूच्या पुढाकाराने पतसंस्था सुरू झाली. तिचीच आज मोठी सहकारी बँक झाली आहे. 1923 साली लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी पतपेढी काढली. त्याच वाटेने पुढे 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तुकोबांच्या ज्या अभंगात एकमेकांना साह्य करून सन्मार्ग धरण्याचा उपदेश आहे, त्याची ओळ आपल्या सहकारी संस्थांच्या पाट्यांवर आली. ख्रिस्ताचे नाव त्या पाटीवर नाही. असण्याचे कारणही नाही. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो, असा दृष्टांत शुभवर्तमानातच आहे. येथे दाणा दिसेनासा झाला आणि शेत उभे राहिले.

पण शेत कसे उभे राहिले, हेही पाहिले पाहिजे. 1904 च्या कायद्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, 1951-52 साली, ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. 1954 साली तिचा अहवाल आला. त्याच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याला लागणाऱ्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळत होते ते शंभरात जेमतेम तीन रुपये. बाकीचे बहुतेक सावकाराकडूनच. कारण उघड होते. जर्मनीत पतपेढी खालून उगवली. आपल्याकडे ती सरकारी खात्यातून खाली आली. रायफायझेनच्या नियमांत माणसाची ओळख हे तारण होते. आपल्याकडे जमिनीचा उतारा हे तारण झाले. ज्याच्याजवळ उतारा त्याला कर्ज. त्याच समितीने जमिनीऐवजी पिकावर कर्ज द्यावे असे सुचविले, आणि पुढे पुष्कळ सुधारणा झाली. आज महाराष्ट्रात अशा सोसायट्या वीस हजारांहून अधिक आहेत. 2016 साली युनेस्कोने सहकाराच्या कल्पनेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

एवढे सगळे झाले. तरीही मत्तयाच्या अध्यायातला प्रश्न संपत नाही. सर्वांत लहान भावंड कोण? वायरबुशला ते दोन एकरवाले कुणबी होते. आपल्याकडे दोन एकरवाल्याच्याही खाली माणसे आहेत. ज्याच्या नावावर उतारा नाही असा शेतमजूर, ऊसतोडीला जाणारे जोडपे, शेत कसणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, गावकुसाबाहेर पिढ्या काढलेला माणूस. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे कोठे बसतात? ‘एकमेकांना ओळखणारे गाव’ हे रायफायझेनचे भांडवल. पण आपल्या गावात ओळख म्हणजे जातही असते. ओळखीनेच एकाला जामीन मिळतो आणि ओळखीनेच दुसऱ्याला नाकारला जातो. ख्रिस्ती समाजानेही येथे मान वर करून बोलू नये. देवळात समता सांगणाऱ्या मंडळींनी कित्येक ठिकाणी बसण्याच्या जागाही आणि दफनाच्या जागाही जातीप्रमाणे वेगळ्या ठेवल्याचा इतिहास आहे.

म्हणून जेव्हा 1992 साली शेतकी बँकेने बचत गटांना कर्ज देण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला, तेव्हा मला त्यात रायफायझेनचाच जुना विचार पुन्हा उगवताना दिसतो. लहान गट, एकमेकींची ओळख, एकमेकींची हमी, तारण काही नाही. फरक एवढाच की, ह्या वेळी ज्यांना पूर्वीच्या सोसायटीत बसायला जागा नव्हती त्या बायका मांडी घालून बसल्या आहेत. त्यातही दोष शिरत आहेत. हप्त्याचा तगादा जेथे निर्दय होतो तेथे जुना सावकार नव्या कपड्यांत आला असे समजावे.

सुरुवातीला जी शंका घेतली होती, दया वेगळी आणि न्याय वेगळा, तिच्याविषयी आता मला काय वाटते ते सांगून मी थांबतो. दोन्ही वेगळ्या आहेत हे खरे. पण त्या एकमेकींच्या शत्रू नव्हेत. 1846 च्या हिवाळ्यात रायफायझेनने सरकारी हुकूम मोडून उधारीवर पीठ दिले नसते, तर 1864 सालची पतपेढी झालीच नसती. भुकेल्याला आधी भाकरी द्यावी लागते. तत्त्वचर्चेला तो थांबू शकत नाही. मात्र जी दया भाकरी देऊन समाधान पावते आणि हा पुन्हा माझ्या दाराशी का आला हे विचारीत नाही, ती हळूहळू आपल्या थोरपणाची चैन होते. आणि जो न्याय कायदा, नियम, निधी यांतच रमतो आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहात नाही, त्याची थोड्याच वर्षांत कचेरी होते. श्रद्धेचे काम ह्या दोहोंना एकत्र धरून ठेवण्याचे आहे. ती श्रद्धा ख्रिस्ताच्या नावाने असो, तुकोबांच्या नावाने असो, बुद्धाच्या नावाने असो, की कोणाच्याच नावाने नसो.

आपल्यापैकी कितीतरी जण कोणत्या ना कोणत्या सहकारी संस्थेचे सभासद असतील. काही संचालकही असतील. येत्या वार्षिक सभेत लाभांश किती हे आपण विचारालच, तो आपला हक्क आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे. ह्या वर्षी कोणाचा अर्ज आपण नाकारला, आणि का? त्या उत्तरात आपल्या संस्थेची, आणि आपल्या श्रद्धेचीही, खरी पत कळेल.